भाष्याविना दहा वचनं

[दृश्य : सकाळचा रिकामा वर्ग. फळ्यावर फक्त तारीख.]

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदाच होता : सरकारी शाळेत रोज बायबलमधली किमान दहा वचनं वाचायची, तीही भाष्य न करता. 1956 साली एलरी शेम्प हा विद्यार्थी त्या वेळेत कुराण उघडून बसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 17 जून 1963 रोजी आठ विरुद्ध एक मतांनी ही प्रथा घटनाबाह्य ठरली. इथवरचा भाग सगळ्यांना आठवतो. पण त्याच निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क लिहितात की, धर्मांचा इतिहास, त्यांचा तौलनिक अभ्यास याशिवाय शिक्षण अपुरं आहे, असं म्हणता येईल. बंद झाली ती उपासना. अभ्यासाला तर भाष्य लागतंच.

हाच फरक डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत सांगितला होता : धर्ममताचे धडे वेगळे, अभ्यास वेगळा. आजचं कलम 28(1) पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं. धर्मांची ओळख करून देणं या मनाईत येत नाही, हे 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

वर्गात मात्र गाडी घसरते ती क्रियापदावर.

[दृश्य : धड्याचं पान. पेन्सिल एका ओळीखाली थांबते.]

‘येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले.’ प्रार्थनेत हे वाक्य बरोबर. पुस्तकात त्यापुढे ‘अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे’ एवढं हवं. उलट, रोमन सत्तेनं त्यांना क्रूसावर चढवलं, हा इतिहास. तिथे ‘श्रद्धा आहे’ जोडलं तर तीही चूकच. खरी गोम पुढे आहे. लेखकाच्या ओळखीच्या धर्माची वाक्यं सरळ येतात आणि परक्या धर्माला तेवढं ‘मानतात’ चिकटतं. सगळे धडे शेजारी ठेवून ‘मानतात’ मोजा, कल लगेच दिसतो.

उपक्रमांत जास्त जपावं लागतं. डिसेंबर 2015, अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य. भूगोलाच्या तासाला अरबी सुलेखन किती अवघड असतं हे कळावं म्हणून मुलांना एक ओळ गिरवायला दिली. ती ओळ नेमकी शहादा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन निघाली. पालक इतके खवळले की त्या भागातल्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. सुलेखनाला दुसरा कुठलाही मजकूर चालला असता. विधी बघावा, त्याबद्दल विचारावं. मुलांकडून तो करवून घेऊ नये.

[दृश्य : वर्ग भरलेला. सगळ्या माना एकाच बाकाकडे वळलेल्या.]

आणि हे तर रोजचंच. ‘तू जैन ना? मग तूच सांग, तुमच्यात काय करतात?’ दहा वर्षांच्या मुलीला फक्त तिचं घर माहीत असतं. तिच्याच धर्मातले दिगंबर, श्वेतांबर हे भेद तिनं ऐकलेले असतील किंवा नसतीलही. तिचं उत्तर मात्र वर्गभर ‘जैन असं करतात’ म्हणून वहीत उतरतं. स्वतःहून बोलली तर ऐकावं. प्रश्न तिच्यावर टाकू नये. ते काम शिक्षकांचं.