दारूबंदी हवी की नको, या भांडणात पेशंट कुठाय?

(शंकरनगरच्या एका हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दारूबंदीवर बोलायला नागपूरइतकी योग्य जागा दुसरी नसेल. शेजारी वर्धा, तिथे गांधीजींमुळे कितीतरी वर्षांपासून बंदी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आणि मध्ये आपण, सगळं खुलं. बंदी असताना चंद्रपूरला जाणारी बाटली बरेचदा इथूनच जायची, गाडीच्या डिक्कीत, दुधाच्या कॅनमध्ये, आणि तिकडे दुप्पट भावाने विकली जायची, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय.

म्हणून लगेच "बघा, बंदी फेल" असं म्हणणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून बायका दारूबंदी मागायला पायी चालत इथे हिवाळी अधिवेशनावर आल्या होत्या, हजारोंनी, थंडीत, कडेवर पोरं घेऊन. त्या वेड्या नव्हत्या. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी भट्टीवर जाते आणि रात्री मार मिळतो, ज्या बाईचं आयुष्य असं चाललंय तिच्यासाठी दुकान बंद होणं ही थिअरी नाहीये. तिकडची एक बाई मला म्हणाली होती, "ताई, दुकान गावात नव्हतं तवा तो कमीत कमी घरी तरी येत होता." मी पंचवीसेक वर्षं व्यसनी माणसांच्या घरच्यांशी बोलण्याचंच काम करते, आणि या वाक्यापुढे मला आजही पटकन उत्तर सुचत नाही.

पण आता त्या नवऱ्याचं बघू. जो दहा-पंधरा वर्षं रोज सकाळपासून पितोय त्याची दारू एका दिवसात तुटली तर काय होतं? सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप नाही. दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाक मारतात, आणि घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, चला बाबाकडे. ही मेडिकल इमर्जन्सी आहे हो, यात माणूस जातो. त्याला बेड पाहिजे, गोळ्या पाहिजेत, बी-१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन पाहिजे. बंदीचा आदेश एका रात्रीत निघतो, पण त्या रात्रीसाठी ग्रामीण रुग्णालयात किती बेड ठेवले हे कोणी विचारत नाही. मग तो माणूस हातभट्टीकडे जातो, नाही तर विषारी मिथेनॉलवाल्या दारूकडे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर लोक त्याच दारूने मेले, आणि तिथे तर बंदीही नव्हती, स्वस्त म्हणून प्यायले. बंदी असलेल्या बिहारमध्ये २०२२ च्या डिसेंबरात सारणला तेच झालं.

आता खर्रा. हसू नका, हा आपला विषय आहे. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, मग सुगंधी सुपारी-तंबाखूवरही आली. आत्ता बाहेर पडा, कोपऱ्यावरचा ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घासघासून घोटत असेल, समोर शाळेचा युनिफॉर्म घातलेला पोरगा उभा असेल. आमच्याकडे अशी विशी-बाविशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत, जबडा आखडलेला, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. कायदा आहे, ठेला पण आहे, आणि आपण दोन्हीकडे बघून पुढे जातो. दारूचंही तसंच, आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि वय पंचवीस, सौम्य बिअरला एकवीस, वाईन शॉपवर कोणी विचारलेलं पाहिलंय का? नवीन कायदा मागण्याआधी आहे तो वापरा असं मी म्हणते ते यासाठी.

आणि दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात सगळं खुलं करा, ज्याचं त्याने बघावं. हेही मला पटत नाही. दारू खुलीच आहे ना? एम्सने केलेला राष्ट्रीय सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेले २.९ कोटी लोक निघाले, आणि अशा ३८ जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाले होते. ३८ मध्ये एक!! त्याच सर्व्हेत व्हाइटनर-सोल्युशन हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे, आणि या वस्तू तर दुकानात उघड मिळतात.

ड्रग्जचा कायदा, १९८५ चा एनडीपीएस. गाठीत माल सापडला की पोरगा आणि पेडलर एकाच पानावर, एकाच फोटोत, पेपरात दोघंही "आरोपी". आपलं स्टेशन देशाच्या मधोमध, चारी दिशांच्या गाड्या इथून जातात, त्यामुळे गांजाच्या बॅगा पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात, आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोनच्या, रासायनिक ड्रगच्या. पोलिसांनी पेडलरच्या मागे जावं, जरूर जावं, त्यात मी काडीचीही सूट मागत नाहीये. पण त्याच कायद्यात ६४-ए नावाचं एक कलम आहे. स्वतः सेवन केल्याची किंवा अगदी थोड्या मालाची केस असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे किती आईबापांना माहितीये? एक वडील आले होते, पोराला सहा महिने घरात कोंडून ठेवलं होतं, केस होईल म्हणून दवाखान्यात आणलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, याले जेलात टाका नाहीतर दवाखान्यात टाका, पण घरी नोका ठेवू." जेल आणि दवाखाना त्यांना सारखेच वाटत होते, आणि हे असं वाटू देणं हेच आपल्या धोरणाचं अपयश आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी एका समितीपुढे पाठवायला सुरुवात केली, विकणं मात्र तिथेही गुन्हाच राहिला. त्याच वेळी त्यांनी उपचारावर पैसा घातला. आपल्याकडे पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही.

पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर २०२५ च्या जूनमध्ये राज्याने भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असं सरकारनेच सांगितलं. दारू महाग झाली की पिणं कमी होतं, त्यामुळे दरवाढीला माझा विरोध नाही. फक्त त्यातला ठरलेला हिस्सा प्रत्येक तालुक्यात दारू सोडवण्याच्या बेडसाठी, समुपदेशकाच्या पगारासाठी बांधून द्या. आणि दुकान कुठे असावं, कुठे नसावं हे त्या वस्तीतल्या बायकांना ठरवू द्या, आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाची सोय आहेच, ती सोपी करा.

मागे एका ताईंनी हात वर केलाय... हो, दारू सोडवायला "पिणाऱ्याला न सांगता द्यायची पावडर" चालते का? नाही, ताई, अजिबात नाही. त्यात बरेचदा डायसल्फिरामसारखं औषध असतं, वर दारू पोटात गेली की छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, माणूस दगावू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने. तुमच्या घरी जे पितात त्यांना एकदम दारू तोडायलाही लावू नका. उद्या सकाळी इथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा. आणि आज रात्री बोलावंसं वाटलं तर १४४४६ लावा, सरकारची हेल्पलाइन आहे, फुकट आहे.