चहाच्या भावकीतलं औषध

नमस्कार मंडळी, संध्याकाळचा चहा घेत घेत ऐकत असाल तर एक सांगतो, थोड्याच वेळात तुमच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या जराशा आवळणार आहेत. खरंच! तरतरी आली की आपल्याला वाटतं डोक्यात रक्त सळसळतंय, पण होतं उलटं, 250 मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे दोन-तीन कप कडक कॉफी पोटात गेली की मेंदूचा रक्तपुरवठा पाव भागाच्या आसपास कमी होतो. मेंदूत ॲडिनोसिन म्हणून एक पदार्थ असतो, तो झोप आणतो आणि रक्तवाहिन्या सैल पण करतो, कॅफिन त्याचीच जागा अडवून बसतं. रोजचा चहा एकदम सोडला की डोकं ठणकतं ना, त्यात ह्या वाहिन्या परत फुगण्याचा मोठा हात आहे.

आता गंमत बघा, ह्याच कॅफिनच्या भावकीत प्रोपेन्टोफायलिन नावाचं औषध आहे, सांगाडा तोच, झँथिन नावाच्या रसायनाचा, पण वागणं उलटं, हे ॲडिनोसिनला पेशीत परत जाऊ देत नाही, मग ते बाहेरच साठतं, वाहिन्या रुंद होतात, रक्त जास्त वाहतं. डिमेन्शियासाठी, म्हणजे म्हातारपणी विसरायच्या आजारासाठी, त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, पण अमेरिका-युरोपात माणसांसाठी मंजुरी काय मिळाली नाही.

मला तर ह्यात नवल वाटत नाही. वय झालं, नसा कडक झाल्या, रक्त पोचेना म्हणून माणूस विसरतो, ही डॉक्टरांचीच जुनी समजूत, आणि आपल्या राजारामपुरीत काय नि गंगावेशीत काय, मेडिकलवर 'डोक्याला रक्त चढायची गोळी द्या की' म्हणणारे अजून भेटतील. अल्झायमरमध्ये पेशीच मरत जातात हो, नुसती वाट रुंद करून काय होणार? लकव्यात तर आणखी भानगड, मेंदूच्या मार बसलेल्या भागातल्या वाहिन्या आधीच जेवढ्या फुगायच्या तेवढ्या फुगलेल्या असतात, गोळीनं रुंद होतात त्या चांगल्या भागातल्या, म्हणजे पाटाला वरच्या रानवाल्यानं मोठं दार पाडलं की खालचा ऊस वाळला, तसं.

म्हणून आजोबा विसरायला लागले तर आधी बी 12 आणि थायरॉईड तपासून घ्या, ते कमी निघालं तर त्याला औषध आहे.

आणि हो, प्रोपेन्टोफायलिन वाया गेलं नाही बरं का. ब्रिटनमध्ये ते व्हिव्हिटोनिन नावानं निघालं, म्हाताऱ्या, मरगळलेल्या कुत्र्यांसाठी!