ज्याचं नुकसान झालं, त्यानेच भरपाई केली

स्क्रीनवर आत्ता नुसती वाळू दिसतेय आणि तिच्यातून लांब लांब जाणारा एक बकरा. थोडा वेळ त्याच्याकडेच बघा, कारण येशूच्या वधस्तंभाची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय, इस्राएली लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस. वर्षातून एकदाच. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा आणि त्याचं रक्त घेऊन प्रमुख याजक पडद्याच्या आत जायचा, परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सगळ्यात आतल्या भागात, आणि तिथे कराराच्या कोशावर, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीवर, जे सोन्याचं झाकण होतं, दयासन म्हणतात ते, अडीच हात लांब नि दीड हात रुंद, त्याच्यावर ते शिंपडायचा. मग दुसरा बकरा, जिवंत. याजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचा, लोकांची सगळी पापं कबूल करायचा आणि मग एक माणूस त्याला रानात नेऊन सोडून यायचा. मला ते दोन हात विसरताच येत नाहीत. पाप काही आपोआप विरून जात नाही, ते कुणाच्या तरी डोक्यावर जातं, हे त्या लोकांना डोळ्यांसमोर दिसायचं.

आणि पुढच्या वर्षी परत तेच. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र नेमकं इथेच बोट ठेवतं, की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप जात नाही, गेलं असतं तर हे बळी केव्हाच थांबले नसते का?

आता आपला शब्द घ्या, प्रायश्चित्त. आपण म्हणतो, त्याने प्रायश्चित्त घेतलं, म्हणजे ज्याने चूक केली त्याने. करावं तसं भरावं, हे आपल्या अंगात मुरलेलंय. ख्रिस्ती विश्वासात मात्र प्रायश्चित्त करणारा गुन्हेगार नसतो, ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तोच ते करतो. समजा कुणी तुमचे पैसे बुडवले आणि तुम्ही मनापासून म्हणालात, जाऊ दे, सोडले. मग ते पैसे गेले कुठे? तुमच्याच खिशातून गेले ना. माफी घेणाऱ्याला फुकट मिळते, देणाऱ्याला कधीच नाही, आणि ज्याने एकदा तरी खरंखुरं कुणाला माफ केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून रागावलेल्या बापाने निष्पाप मुलाला मारलं, असं जे चित्र काही जण रंगवतात ते मला पटत नाही. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. आणि येशू 'बळी गेला' असंही नाही, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात तो स्पष्ट म्हणतो की माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. हे नेमकं कसं घडलं यावर ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शतकानुशतकं विचार चाललाय, 11व्या शतकात अन्सेल्म या धर्मपंडिताने देवाचा मान आणि ऋण या भाषेत मांडलं, पूर्वेकडच्या मंडळ्या मरणावरच्या विजयावर जास्त भर देतात. पण समेट झालेला माणूस कसा दिसतो ते बघायचं तर येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे बघा.

येशूला धरलं त्या रात्री थंडी होती. अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला, पेत्र तिथे शेकत उभा, आणि तिथेच त्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे. दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या समुद्राकाठी, म्हणजे गालीलच्या सरोवराकाठी, पहाटे. पेत्र आणि सोबतच्या शिष्यांना रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही, आणि किनाऱ्यावर तसाच विस्तव, त्याच्यावर मासळी, भाकर. पेत्र भिजलेल्या अंगाने वर येतो. येशू त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारत नाही. म्हणतो, या, न्याहारी करा. आणि खाऊन झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का?