जगाच्या उद्धाराचे काम आणि त्यातून बाहेर पडणारा माणूस

मित्रहो,

जगाचे भले करण्यासाठी एकत्र आलेल्या मंडळींमधून एखादा माणूस बाहेर पडला, की मागे राहिलेल्यांचे निदान बहुधा ठरलेले असते. तो थकला, त्याला संसार गोड वाटू लागला, किंवा त्याची निष्ठा मुळातच कच्ची होती, असे म्हटले जाते. काही वेळा ते खरेही असते. पण आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो संघटनेच्या कडेला उभा असलेला कार्यकर्ता नव्हता. संघटना त्याच्यासाठीच उभारलेली होती आणि तिचा प्रमुखही तोच होता.

१९०९ साली मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिकल सोसायटीचे, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असे मानणाऱ्या संस्थेचे, एक पुढारी चार्ल्स लेडबीटर यांनी जिद्दू कृष्णमूर्ती या कृश, अबोल मुलाला पाहिले, आणि येऊ घातलेला जगद्गुरू याच्याच देहातून बोलेल असे सोसायटीच्या धुरीणांनी ठरवले. १९११ मध्ये त्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना स्थापन झाली. सोसायटीच्या अध्यक्ष अ‍ॅनी बेझंट यांच्याकडे असलेला या मुलाचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा ताबा वडिलांनी परत मागितला, मद्रास हायकोर्टात ते जिंकलेही. पण १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निकाल बेझंट यांच्या बाजूने लागला. कृष्णमूर्ती आणि त्यांचा धाकटा भाऊ नित्यानंद इंग्लंडमध्ये वाढले, आणि जगभरचे हजारो लोक मानवजातीच्या सुटकेची वाट पाहत या तरुणाकडे डोळे लावून बसले. हे लोक भोंदू नव्हते. पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपातील कितीतरी सुशिक्षित, उदार मनाची माणसे त्यांत होती, आणि त्यांची तळमळ खरी होती, हे विसरून या घटनेकडे पाहता येणार नाही.

१९२५ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमध्ये या मंडळींचा उत्साह शिगेला पोहोचला. अवघ्या काही दिवसांत एकेकाला आध्यात्मिक प्रगतीच्या वरच्या पायरीच्या दीक्षा मिळाल्याचे सांगितले गेले आणि जगद्गुरूच्या शिष्यांची नावे जाहीर झाली. कृष्णमूर्ती तेव्हा तिथे नव्हतेच. ते कॅलिफोर्नियात ओहाय येथे क्षयाने आजारी असलेल्या नित्याची शुश्रूषा करत होते. नित्याचे आयुष्य पुढच्या कार्यासाठी आवश्यक आहे, म्हणून त्याला काही होणार नाही, असा भरवसा त्यांना देण्यात आला होता. नोव्हेंबरमध्ये ते भारताकडे निघाले, आणि बोट सुएझ कालव्यात असताना नित्या गेल्याची तार हातात पडली. बोटीवर त्यांच्या सोबत असलेल्यांनी सांगितले आहे की ते दिवसचे दिवस रडत, भावाला हाका मारत होते, आणि कोलंबोला उतरले तेव्हा विलक्षण शांत झाले होते. त्यांची श्रद्धा त्याच क्षणी तुटली असे मी म्हणणार नाही, कारण त्यानंतरही जवळजवळ चार वर्षे ते संघटनेत राहिले. पण दुसऱ्याने दिलेल्या खात्रीची किंमत किती असते, हे त्यांना त्या बोटीवर कळले असणार असे मला वाटते.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, बेझंटबाई आणि तीन हजारांहून अधिक सदस्य समोर असताना, कृष्णमूर्तींनी संघटना विसर्जित केली. सत्याच्या प्रदेशाला वाट नसते, हे त्या भाषणातले वाक्य सर्वांना ठाऊक असते. मला त्याच भाषणातल्या लहान गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. वर्तमानपत्रांचे बातमीदार पहिला प्रश्न सदस्य किती हाच विचारतात, असे ते म्हणाले, आणि तो आकडा आपल्याला माहीत नाही व त्याच्याशी आपल्याला कर्तव्यही नाही, असे त्यांनी सांगून टाकले. पत्र लिहायला टाइपरायटर वापरतात, पण त्याला देव्हाऱ्यात ठेवून पूजत नाहीत. तुम्ही मात्र संघटनेचे तेच केले आहे, असे त्यांनी समोरच्यांना सुनावले. आणि आपण किती वर चढलो, हे दुसऱ्याने सांगावे लागते या सवयीला त्यांनी पोरकटपणा म्हटले.

ध्येय जेवढे मोठे, तेवढे साधे प्रश्न विचारणे अवघड होते, हे या सगळ्याचे मूळ आहे असे माझे मत आहे. गावच्या वाचनालयाच्या सभेत पैसे कुठे गेले, हे कोणीही उठून विचारू शकतो. जिथे अवघ्या मानवजातीचा उद्धार चालला आहे, तिथे तोच प्रश्न मानवजातीशी द्रोह ठरतो. मग शंका आलेला माणूस ती बोलून दाखवत नाही, उणीव आपल्यातच आहे असे समजून अधिक जोराने काम करतो, आणि हळूहळू स्वतःचा निवाडा गहाण टाकतो. ज्याला ते काम मनापासून प्रिय असते, त्यालाच हे सर्वांत आधी असह्य होते.

तरीही बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर ऋण राहते. कृष्णमूर्तींनी ओमेनजवळचा एर्डेचा किल्ला मूळ मालकाला परत केला, देणग्या परत केल्या, आणि १९३० मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीही सोडली. हे चोख वागणे होते. पण ज्यांनी उमेदीची वर्षे या प्रतीक्षेत घालवली होती, त्यांना ती वर्षे कोण परत देणार? त्यांच्या दुःखाला अंधश्रद्धेचे फळ म्हणून मोकळे होणे मला निर्दयपणाचे वाटते. बेझंटबाईंचा मात्र कृष्णमूर्तींवरचा विश्वास आणि माया १९३३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकली, आणि कृष्णमूर्तींसाठी त्या शेवटपर्यंत ‘अम्मा’च राहिल्या.

या कथेचा एक धागा अहमदनगरला येतो. थिऑसॉफिस्ट घरात वाढलेले अच्युतराव पटवर्धन १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत राहिले, आणि पोलिसांच्या हाती लागले नाहीत. साताऱ्याच्या प्रतिसरकारशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी राजकारण सोडले आणि पुढे वाराणसीला कृष्णमूर्तींच्या शिक्षणकार्यात ते रमले. १९९२ पर्यंत ते जगले, पण सत्तेच्या वाटेला पुन्हा गेले नाहीत. अशा माणसाला आपण चळवळीने गमावलेला नेता म्हणून हळहळतो. त्याने त्यानंतर बेचाळीस वर्षे काय केले, हे विचारण्याची तसदी आपल्या राजकीय इतिहासकारांनी फारशी घेतलेली नाही, आणि ती घ्यायला हवी होती.