अननसाचं गणगोत आणि डीएनएची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेला अननस आपल्याकडे, विशेषतः गोव्या-कोकणात, पुरता रुळला. त्याचे रानातले भाऊबंद मात्र अमेरिका खंडातच राहिले. त्याचं कुल, म्हणजे वनस्पतींचं घराणं, ब्रोमेलिएसी; यातल्या वनस्पतींना ब्रोमेलियाड म्हणतात. त्यात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. काही जमिनीवर, काही उघड्या कातळावर आणि कितीतरी झाडांच्या फांद्यांवर वाढतात. अमेरिकेबाहेर निसर्गतः उगवणारी जात एकच, पिटकेर्निया फेलिसियाना. ती सापडते पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात.

पूर्वी या कुलाचे तीन भाग मानत, तेही फळं आणि बिया पाहून. बोंड फुटून पंखवाल्या किंवा साध्या बिया पडल्या तर एक गट, बियांना केसांचा झुपका असेल तर दुसरा, आणि रसाळ फळ असेल तर अननसाचा तिसरा. डीएनए तपासल्यावर झुपकेवाला आणि रसाळ फळांचा हे दोन गट टिकले. पहिला साफ मोडला. त्यात एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या वनस्पती एकत्र कोंबल्या होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हरितलवकातल्या, म्हणजे पानाला हिरवेपणा देणाऱ्या पेशीतल्या कणातल्या, एनडीएचएफ या जनुकाच्या आधारे तीनऐवजी आठ उपकुलं, म्हणजे कुलाचे पोटगट, मांडली. वंशवृक्षात सगळ्यांत आधी फुटलेली फांदी निघाली ब्रोकिनियाची, आणि ही वनस्पती राहते व्हेनेझुएला-गयानाच्या सपाट माथ्याच्या जुन्या वालुकाश्मी डोंगरांवर.

हे काम होतं कसं? सुरुवात पानापासून होते आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात. ब्रोमेलियाडचं पान जाड असतं, आत पाणी साठवणाऱ्या पेशींचा थर असतो. असं पान अख्खंच्या अख्खं पिशवीत टाकलं तर वाळायच्या आधी कुजतं आणि डीएनएचे तुकडे होतात. म्हणून कोवळं पान घ्यायचं, स्पिरिटने पुसायचं, कारण पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात शेवाळ असतं आणि शेवाळालाही हरितलवक असतं. मग पात्याने आतला रंगहीन थर खरवडून फक्त हिरवा भाग ठेवायचा. त्याच्या बारीक पट्ट्या करून वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, ठेवायच्या. दाण्यांचा रंग बदलला की जेल लगेच बदलायचं. पान दिवसभरात कुरकुरीत व्हायला हवं.

वीसेक मिलिग्रॅम वाळलेलं पान पुरतं. त्याची बारीक पूड 65 अंश सेल्सिअसच्या सीटॅब द्रावणात अर्धा ते एक तास ठेवतात. द्रावणात 2 टक्के सीटॅब, म्हणजे पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ, 1.4 मोलर मीठ आणि पानातली फिनॉल नावाची तपकिरी करणारी रसायनं पकडणारं पीव्हीपी असतं. वापरायच्या आधी पूड तपकिरी पडू नये म्हणून थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालतात. मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल 24 ला 1 या प्रमाणात घालून हलवायचं, फिरवायचं, वरचा थर अलगद उचलायचा आणि थंड आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवायचा. तळाची गोळी तपकिरी दिसली तर पानातले फिनॉल डीएनएला चिकटले असं समजावं. ती पारदर्शक, लिबलिबीत आणि पिपेटमधून तार धरणारी निघाली, तर ते शर्करांचं चिकट द्रव्य असतं. हा चिकटा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पायरी, अडवतो. अशा वेळी पूड आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणाने धुऊन नव्याने सुरुवात केलेली बरी. घाई असेल तर डीएनए दहापट पातळ करून पाहावा; कित्येकदा तेवढ्यावर काम भागतं. पीसीआर करताना एक नळी डीएनएविना, नुसत्या पाण्याची हवीच. प्रती तपासताना तिच्यातही डीएनएचा पट्टा उमटला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद धरायचे.

डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो; एनडीएचएफ सुमारे 2,200 अक्षरांचा आहे. ही अक्षरं वाचण्याच्या नेहमीच्या सँगर पद्धतीत एका वेळी सातआठशे अक्षरंच खात्रीने वाचता येतात, म्हणून तुकडे जोडत जावं लागतं. जनुकांमधल्या मोकळ्या जागांत ए हे अक्षर दहा-बारा वेळा ओळीने आलं की पुढचं वाचन गढूळ होतं. तिथे उलट्या टोकाकडून वाचणं हाच मार्ग.

खरी अडचण पुढेच येते. या कुलाच्या हरितलवकाचा डीएनए फार सावकाश बदलतो. दोन वेगळ्या प्रजातींमध्येही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) हजार अक्षरांमागे मोजकेच फरक सापडतात. एका जनुकावर काढलेल्या वृक्षात मोठ्या फांद्या पक्क्या दिसतात, डहाळ्या मात्र हलतात. फांदी किती पक्की ते पाहणाऱ्या बूटस्ट्रॅप चाचणीत 70 टक्क्यांखाली आलेल्या फांदीवर कुठलंही नातं टांगू नये. 2011 मध्ये गिव्हनिश यांच्या गटाने हरितलवकाचे आठ भाग एकत्र घेतले तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. तुलनेसाठी कुलाबाहेरची जात लागते. पाणकणीस त्यासाठी सोयीचं, कारण ते त्याच गणातलं, म्हणजे कुलांच्या मोठ्या गटातलं, आहे. आपली ज्वारी आणि ऊसही त्याच गणातले, हे कळल्यावर अननसाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

या वृक्षानुसार कुलाचा मूळ धागा सुमारे 10 कोटी वर्षं जुना आहे, पण आज जगणाऱ्या शाखा गेल्या 1 कोटी 90 लाख वर्षांतच फुटल्या. पिटकेर्निया फेलिसियानाचा प्रश्नही इथे सुटतो. ती आपल्या अमेरिकी आप्तांपासून वेगळी झाली 1 कोटी वर्षांच्या आतबाहेर. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका त्याच्या कितीतरी आधी दुरावले होते. तेव्हा ती महासागर ओलांडूनच गेली असणार.

पण हरितलवक ही एकाच बाजूची साक्ष. तो बहुधा आईकडूनच येतो आणि ब्रोमेलियाडमध्ये संकर होतात. संकरानंतर एका जातीत दुसरीचा हरितलवक राहून जातो आणि वृक्ष खोटं नातं दाखवतो. म्हणून पेशीच्या केंद्रकातली, आईबाप दोघांकडून आलेली जनुकं वेगळी वाचायची, दोन्ही वृक्ष आधी वेगवेगळे काढायचे आणि जुळले तरच एकत्र करायचे. आता 353 जनुकं एकदम पकडणारा, सगळ्या सपुष्प वनस्पतींना चालणारा प्रोबचा, म्हणजे हवी जनुकं पकडणाऱ्या गळांचा, संच आहे आणि खास या कुलासाठी 1,776 जनुकांचाही आहे. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यांतला तुकडे झालेला डीएनएही त्यांना चालतो. एक्मियासारखी प्रजाती, जिच्या जाती वृक्षावर ठिकठिकाणी विखुरलेल्या निघतात, तिची फेरमांडणी या पुराव्यावरच व्हायला हवी. केवळ हरितलवकाच्या जोरावर तिथली नावं बदलण्याची घाई करू नये.