‘किनाऱ्या’तला ऱ आणि तीन कॉम्प्युटर

मंडळी, पत्रिकेवर ‘एकच ऑडिओ स्क्रिप्ट, तिन्ही सिस्टिमवर’ असं छापलंय. म्हणजे रेकॉर्डिंगच्या एमपीथ्री करणारा एकच छोटा प्रोग्रॅम, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालणारा. तिकडे येतोच, पण आधी माझी तक्रार. आपण दशावताराच्या रेकॉर्डिंगला धड मराठीत नाव देतो, आणि कोणी ना कोणी जाणकार सांगतो, ‘नावं इंग्रजीत करा, कटकट मिटेल.’ मग ‘संकासुराचा प्रवेश’चं ‘न्यू थ्री फायनल’ होतं. पुढच्या शिमग्यापर्यंत आत काय आहे ते संकासुरालाही आठवत नाही. (हसलात, म्हणजे तुमच्याकडेही अशा फायली आहेत.)

गेल्या गणपतीत आमचा चाकरमानी भाचा जुना मॅक घेऊन आला. त्यानं भजनं रेकॉर्ड केली, झिप करून पाठवली. मी लिनक्सवर फायलींच्या नावांची यादी टाइप केली, स्क्रिप्ट चालवली. सगळ्यांच्या एमपीथ्री झाल्या. ‘किनाऱ्यावरचं भजन’ मात्र ‘सापडत नाही’! शेजारचे काका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “अरे, फाइल हयच आसा मां!”

होतीच. गोची ऱ ची. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे क्रमांक देतो त्या पद्धतीत, ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. मॅकची फायली ठेवायची जुनी पद्धत, एचएफएस प्लस, नाव साठवताना अक्षराची फोड करते. माझ्या कीबोर्डवरून अखंड ऱ उमटतो. डोळ्याला एकच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. आणि आपल्याकडे किनाऱ्यावर, वाऱ्यावर, दऱ्यांत... ऱ टाळून कोकणात बोलायचं कसं? तेव्हा नावं इंग्रजीत करा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करा, आमच्या भाषेत नको.

विंडोजची आणखी एक खोड: फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. ‘कोण रे तू?’ नावाची फाइल लिनक्सवर सुखात राहते, तिथे मात्र तिला प्रवेश नाही. विंडोजला प्रश्न विचारलेले आवडत नसावेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य विषय.

बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवाल्यांच्या कमांडच्या भाषेत, स्क्रिप्ट लिहू नका. मॅकवर बॅश आजही 3.2 आहे, 2007 च्या सुमाराची. विंडोजवर ती मुळातच नसते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या. वेव्हची एमपीथ्री करायचं काम एफएफएमपेग हा तयार प्रोग्रॅमच करील, तो तिन्हीकडे मिळतो. त्याला द्यायची कमांड एका लांब ओळीत जोडू नका, तुकड्यांची यादी करून द्या, म्हणजे नावातली मोकळी जागा नडत नाही. फोल्डर आणि फाइलचा मार्ग पायथनच्या पाथलिबनं जोडा, विंडोज आणि बाकीच्यांचं तिरक्या रेघांचं भांडण मिटतं. नावं ताडण्याआधी दोन्हीकडची एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आणा. वरचा ऱ तिथेच सुटतो. स्क्रिप्टनं काय केलं त्याची नोंदवही लिहिताना यूटीएफ-8 ही युनिकोड साठवायची पद्धत स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर पायथन मराठी अक्षर पाहून अडतो. रेकॉर्डर फाइलच्या नावाच्या शेवटी ‘वेव्ह’ची इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहितो, लिनक्सला ते वेगळं वाटतं, म्हणून जुळवणी लहान अक्षरांत. एफएफएमपेगला ‘नोएसटीडीइन’, म्हणजे ‘बाहेरून काही वाचू नको’ ही सूचना द्या, नाहीतर नावांची यादी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून पाइपनं, म्हणजे थेट, आली असेल तर तो तीच खाऊन टाकतो. आणि मूळ वेव्ह पुसू नका. एमपीथ्रीतून गळलेला आवाज परत येत नाही.

स्क्रिप्ट हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन पुढे या. व्हायरसवाला असेल तर आधी सांगा.