अंगठा हलवून दाखवा

[दृश्य : ड्रेनच्या पारदर्शक कुपीचा क्लोज-अप. थेंब साठतो, लोंबतो, पडतो.]

हा ड्रेन : बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक नळी. कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून ती आत सरकवली आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात तरंगत असतात, ते पाणी इथे थेंबाथेंबानं बाहेर येतंय.

[दृश्य : ऑपरेशन थिएटर. उघडलेली छाती, फुगलेली महाधमनी.]

ही महाधमनी. छातीपासून पोटापर्यंत फुगत गेली आहे. फुगलेला भाग उघडून तिथे पॉलिएस्टरची ही पन्हळी नळी शिवायची. पण शिवताना रक्त वाहतं ठेवता येत नाही, म्हणून क्लॅम्प, म्हणजे धमनी दाबून बंद करणारा चिमटा, लावायचा. क्लॅम्प बसला की त्याच्या खालचा दाब कोसळतो.

[दृश्य : सीटी अँजिओग्राफी, हळूहळू फिरणारं चित्र.]

आता नीट बघा. केसांच्या पिनेसारखं हे वळण दिसतंय? ही अ‍ॅडमकिविचची धमनी. मज्जारज्जूला लांबीभर रक्त पुरवणाऱ्या धमन्या तीनच, मागे दोन आणि पुढे एक. पुढची एकटी दोन तृतीयांश भाग पोसते, आणि खालच्या भागात तिला सर्वांत मोठा आधार या पिनेचा. बहुतेकांमध्ये ती डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान आत शिरते. म्हणजे नेमकी तिथेच, जिथे सर्जनला काम करायचं असतं.

वेळेत रक्त परतलं नाही, तर कमरेखालचं अंग लुळं पडतं.

[दृश्य : मॉनिटर. लाल रेषा, तिच्याखाली निळी.]

लाल रेषा रक्तदाबाची, निळी त्या पाण्याच्या दाबाची. लाल आकड्यातून निळा वजा करा; उरतो तो मज्जारज्जूत रक्त ढकलणारा दाब. वरच्या बाजूला क्लॅम्प लागला की निळा आकडा चढतो आणि ही वजाबाकी दोन्हीकडून आक्रसते. ड्रेनमधून पाणी काढायचं ते निळा आकडा उतरवण्यासाठी. १९६२ साली सर्जन ब्लेझडेल आणि कूली यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं होतं. माणसांवरची ठोस चाचणी मात्र २००२ मध्ये आली : १४५ रुग्ण, निम्म्यांना ड्रेन. ड्रेन नसलेल्यांत १३ टक्के लोकांच्या पायांतली शक्ती गेली किंवा कमी झाली; ड्रेन असलेल्यांत २.६ टक्के. मधली चाळीस वर्षं मला अजून टोचतात.

[दृश्य : टाळूवरचे इलेक्ट्रोड. पोटरीचा स्नायू थरकतो.]

रुग्ण भुलेखाली आहे, त्याला काही विचारता येत नाही. म्हणून टाळूवर विजेचा ठोका देऊन पायाचा स्नायू उत्तर देतो का, ते पाहायचं. उत्तर क्षीण झालं की भूलतज्ज्ञ रक्तदाब चढवतात. सर्जन बरगड्यांकडे जाणाऱ्या धमन्यांची तोंडं नव्या नळीला जोडतात. खालच्या अंगाला यंत्रातून रक्त चालूच असतं. शरीर ३२-३४ अंशांपर्यंत थंड ठेवलेलं असतं, म्हणजे पेशींची भूक कमी होते.

[दृश्य : आयसीयू, रात्र. नर्स ट्रान्सड्यूसरची, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरची, पातळी जुळवते.]

खरी रात्र इथून सुरू होते. शुद्धीवर येताना पाय हलवणारा माणूस काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पाय हलवू शकेनासा होतो. बहुतेकदा निमित्त होतं रक्तदाब घसरल्याचं. महाधमनीच्या इतर मोठ्या ऑपरेशननंतर टाक्यांतून रक्त गळू नये म्हणून दाब आवरता घेतात. इथे सरासरी दाब ८०च्या वर धरून ठेवायचा. ड्रेन लावला म्हणजे काम झालं, असं समजणारे मला भेटले आहेत. त्यांनी ही बाई काय करते ते बघावं.

निळा आकडा १०च्या आसपास. तासाला १० ते १५ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी नाही, कारण भराभर काढलं तर मेंदू खाली खेचला जाऊन कवटीत रक्तस्राव होऊ शकतो. पलंग वर-खाली केला की पातळी पुन्हा जुळवायची. तोवर ड्रेनची कळ बंद.

[दृश्य : चादरीबाहेर आलेले पाय. नर्सचा आवाज : "काका, अंगठा हलवून दाखवा."]

उजवा.

[दृश्य तसंच. सहा सेकंद निवेदन नाही.]

डावा.

[दृश्य : नोंदवहीत पेन. चार वाजताचा रकाना भरतो, पाचचा रिकामा.]